स्टारड्यू व्हॅली: आज स्प्रिंग १६, सगळे पैसे फ्लॉवरमध्ये घालू का बटाट्यात?

पेरूची_फोड

मंडळी मदत हवीये आणि जरा लवकर हवीये, रात्री साडेनऊला परत खेळायला बसणार आहोत. मी आणि माझा मामेभाऊ स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा व्हिडिओ गेम एकत्र खेळतोय, तो वाकडला, मी कोथरूडला, पहिलंच वर्ष. काल गेममध्ये स्प्रिंगची १५ तारीख संपवून झोपलो, सेव्ह झालं, आणि मग फोनवर जे वाजलं ते पार मध्यरात्रीपर्यंत.

वाद असा आहे. दोघांचे पैसे एकाच खात्यात, ३२०० गोल्डच्या आसपास. त्याचं म्हणणं सगळ्याचं फ्लॉवरचं बी घ्यायचं, ८० ला बी आणि १७५ ला विक्री, दुपटीपेक्षा जास्त, विचार कसला करतेस. मी म्हणते बटाटे लावू, बी ५० ला, विक्री ८० ला, मार्जिन कमी दिसतं पण सहा दिवसांत हातात येतो, फ्लॉवरला बारा लागतात आणि गेममध्ये सीझन म्हणजे २८ दिवसांचा एकच महिना, तो संपला की पीक मरतं. तो म्हणतो बसतंय की, मी म्हणते नाही बसत, दोघंही बोटांवर मोजतोय आणि दोघांची उत्तरं वेगळी येतायत. पेरायचा दिवस धरायचा का सोडायचा तेच कळेना.

अजून एक. १३ तारखेला गावात एग फेस्टिव्हल झाला, तिथे त्याने स्ट्रॉबेरीच्या बिया घेऊन ठेवल्यात, १०० ला एक, पेटीत पडून आहेत. आत्ता लावू का? आणि कम्युनिटी सेंटरच्या स्प्रिंग बंडलमध्ये (ठरलेली पिकं जमवून द्यायची यादी) पार्सनिप आणि बटाटा देऊन झालाय, फरसबी वेलावर आहे, येईल दोन-चार दिवसांत. फ्लॉवर मात्र एकही नाही.

शेवटचा प्रश्न माझा नाही, आईचा. ती मागे बसून बघत असते आणि मध्येच शेरे मारते. तिला सांगितलं की विंटरमध्ये शेतात काहीच येत नाही, तर म्हणे थंडीत नाही येणार तर मग केव्हा येणार, कोणी केलाय हा गेम. मला काही उत्तर देता आलं नाही. कोणी शेतीतलं असेल इथे तर सांगा प्लीज.


आकडेमोडे

पेरलेल्या तारखेत वाढीचे दिवस मिळवायचे, बास, दुसरं काही नाही. १६ ला फ्लॉवर लावला, आजच पाणी घातलं, तर १६ आणि १२ मिळून २८. म्हणजे २८ ला सकाळी तयार, त्याच दिवशी काढून विक्रीच्या पेटीत टाकायचा आणि समरच्या १ ला सकाळी पैसे जमा. भाऊ बरोबर बोलतोय पण अगदी काठावर पास होतोय, आज शेवटचा दिवस आहे. उद्या लावला असता तर समर १ ला नुसता वाळलेला कचरा हातात आला असता.

हाच हिशोब सगळ्यांना लावा, २८ मधून वाढीचे दिवस वजा केले की पेरायची शेवटची तारीख निघते. पार्सनिप (गाजरासारखं कंद) ४ दिवसांचा, २४ पर्यंत चालतो. बटाटा आणि केल ही पालेभाजी ६ दिवस, २२ पर्यंत. फरसबीला १०, म्हणजे १८ पर्यंत, पण शेवटच्या दिवशी लावली तर एकच तोडा मिळतो आणि ६० चं बी घालून ४० ची शेंग, तेव्हा नकोच.

आता पैशाचं. धरून चालू ४० खड्डे, कारण साधी झारी एकदा भरली की ४० वेळाच पाणी देते, त्यापुढे तळ्यावर चकरा. फ्लॉवर ४० लावले तर ३२०० गेले आणि २८ ला ७००० आले. बटाटे ४० लावले तर २००० गेले, १२०० हातात राहिले. बटाट्याला कधीकधी एका रोपाला एकापेक्षा जास्त निघतात, सरासरी सव्वा पडते, म्हणजे २२ ला साधारण ५० बटाटे, ४००० गोल्ड. त्यातून परत ४० लावा, २२ आणि ६ मिळून २८, परत ४०००. शेवटी ७२०० च्या घरात. म्हणजे पैशात दोघं जवळजवळ सारखेच आहात, काल एवढं भांडायची गरज नव्हती 😄

फरक जोखमीत आहे. फ्लॉवरला या बारा दिवसांत एक दिवस जरी पाणी चुकलं तर तो २९ ला जातो, आणि २९ तारीख नसतेच. बटाट्याचा पहिला हप्ता २२ ला खिशात पडतो, त्यातून कोंबड्यांचं खुराडं म्हणा, मोठी बॅग म्हणा, काहीतरी घेता येतं. फ्लॉवरमध्ये पैसे पूर्ण अडकून पडतात, मधल्या काळात खाणीत जायचं तर खायला घ्यायला पण नाही. मी असतो तर ८-१० फ्लॉवर आणि बाकी बटाटे.

पण फ्लॉवर लावाच, निदान दोन-तीन. बंडलसाठी. कम्युनिटी सेंटरमधल्या पँट्री नावाच्या खोलीची सहाच्या सहा बंडलं पूर्ण झाली की ग्रीनहाऊस मिळतं, आणि स्प्रिंगचा फ्लॉवर या वर्षी हुकला तर मग फिरत्या गाडीवाल्या बाईकडे शुक्रवारी-रविवारी नशिबाने दिसतोय का बघत बसायचं, नाहीतर सरळ पुढच्या स्प्रिंगपर्यंत थांबायचं. दोन-तीन एवढ्यासाठी की एखादा कावळ्याने नेला तरी एक राहतो. बुजगावणं लावलंय ना? सगळ्या बाजूंनी आठ घरं सांभाळतं ते.


शटर_खाली

वरचं सगळं बरोबर पण मुख्य मुद्दा राहिला. आज १६ म्हणजे मंगळवार. प्रत्येक महिन्याची १ तारीख सोमवारच असते. उद्या बुधवार, पिअरचं, म्हणजे गावातलं बियांचं, दुकान बंद. आज सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या आत बिया घेतल्या नाहीत तर बटाटेसुद्धा एक दिवस मागे जातात, १७, २३, आणि दुसरा हप्ता २९, गेला. उद्या जोजामार्ट हे दुसरं दुकान उघडं असतं पण तिथे बटाट्याचं बी ६२ ला आणि फ्लॉवरचं १०० ला.

बुधवारी बंद ठेवणारा दुकानदार बघून मला पहिल्या दिवसापासून हा गाव आपलाच वाटतो. दुपारी १ ते ४ तेवढं राहिलंय.


आकडेमोडे

@शटर_खाली हो की. चांगलं लक्षात आणून दिलंस. म्हणजे सकाळी उठल्या उठल्या पहिले पाणी घालून घ्या, ९ ला दुकानाच्या दारात, १० पर्यंत बिया जमिनीत. आणि २२ ला सोमवार आहे, दुकान उघडं, दुसऱ्या हप्त्याचं बी त्याच दिवशी मिळेल.

स्ट्रॉबेरीचं राहिलं. ८ दिवस, मग दर ४ दिवसांनी. आज लावली तर २४ आणि २८, दोन तोडे, १२० प्रमाणे २४० एका रोपाचे. तेराच्या रात्री फेस्टिव्हलवरून येऊन लगेच लावली असती तरी २१ आणि २५ असे दोनच मिळाले असते, म्हणजे पेटीत ठेवून काही नुकसान झालेलं नाही. पण दोन तोड्यांसाठीसुद्धा आजचाच दिवस शेवटचा.


वांग्याचं_भरीत

स्ट्रॉबेरी आत्ता लावू नका!! पेटीत बी खराब होत नाही, पुढच्या स्प्रिंगच्या १ ला लावा, ९, १३, १७, २१, २५, पाच तोडे, ६०० एका रोपाचे. सीझनमध्ये एवढं देणारं स्प्रिंगचं साधं पीक दुसरं नाही आणि हे बी विकत फक्त एग फेस्टिव्हललाच मिळतं, त्यामुळे पुढच्या वर्षी १ तारखेला हातात बी असणारे तेच खरे शहाणे.


आकडेमोडे

पटत नाही. पहिल्या वर्षी स्प्रिंगच्या शेवटी हातात असलेले २४० हे पुढच्या वर्षीच्या ६०० पेक्षा जास्त कामाचे, कारण त्याच पैशांचं समर १ ला ब्लूबेरीचं बी येतं. २४० मध्ये तीन बिया, एकेका ब्लूबेरीचे सीझनभरात ६००, म्हणजे १८०० झाले की नाही. पहिल्या वर्षी भांडवल नसतं हीच तर अडचण असते, जमीन ढीग पडलीये.


वांग्याचं_भरीत

भांडवल नसतं मान्य, पण दोघं मिळून ३२०० घेऊन बसलेत आणि २८ ला सात हजार येतायत, त्यात स्ट्रॉबेरीच्या हजार-बाराशेने काय असा उजेड पडणार आहे? पाणी घालायला एनर्जी पण लागते, ती कुठून आणणार पहिल्या महिन्यात. बरं ते जाऊ दे, अर्ध्या लावा अर्ध्या ठेवा, भांडणाऱ्या भावंडांसाठी तेच बरं.

समरचं मी सांगते कारण तिथे लोक फार घाई करतात. १ ला गेलात की ब्लूबेरी घ्या, बी ८० ला, १३ दिवस लागतात, १४ ला पहिला तोडा आणि मग दर ४ दिवसांनी, १४, १८, २२, २६, दरवेळी एका झुडपाला तीन फळं, ५० ला एक. पण नुसती ब्लूबेरी लावून बसलात तर १४ तारखेपर्यंत एक छदाम येत नाही, म्हणून बाजूला मिरची लावायची, ४० चं बी, ५ दिवसांत सुरू आणि मग दर ३ दिवसांनी तोडा, भाव ४० च मिळतो पण चालू खर्च निघतो. आपल्याकडे कसं मोठं पीक उभं असताना बांधाकडेला मिरची-कोथिंबीर असते घरखर्चाला, तस्संच. टोमॅटो आणि मेलन बंडलपुरते लावा दोन-दोन, मेलन पण १२ दिवसांचाच, म्हणजे तुमच्या फ्लॉवरसारखाच १६ च्या आत. चारी वस्तू झाल्या, टोमॅटो मिरची ब्लूबेरी मेलन, समर बंडल संपलं.

मका समरच्या पहिल्या आठवड्यात टाका दोन-चार रोपं. मका, गहू आणि सूर्यफूल ही समर संपून फॉल लागला तरी मरत नाहीत, सरळ पुढे चालू राहतात. मक्याचं बी १५० ला आणि कणीस ५० ला, समर १ ला लावलेला मका दोन्ही सीझन मिळून अकरा वेळा देतो, तरी वजा जाता ४०० च राहतात, ब्लूबेरी तेवढं एका महिन्यात देऊन जाते. म्हणून मका पैशासाठी नाही, फॉलच्या बंडलसाठी. तिथे मका, वांगं, भोपळा आणि याम लागतं.

आणि फॉल म्हटलं की सगळे क्रॅनबेरी क्रॅनबेरी करत धावतात. देते ती, नाही कोण म्हणतंय, बी २४० ला, ८ तारखेपासून दर ५ दिवसांनी पाच तोडे, प्रत्येक वेळी दोन, ७५ ला एक. पण २४० प्रमाणे ४० रोपं म्हणजे ९६०० घाला आधी! वांग्याचं बी २० ला आहे हो, वीस! पाच दिवसांत पहिलं वांगं, मग दर पाच दिवसांनी, सीझनभरात पाच तोडे, ६० चं एक, वीस रुपड्यांचे तीनशे. कोणी बोलतच नाही वांग्याबद्दल. आयडी बघून म्हणाल पक्षपात करते, तर करते.


निवांत_गडी

माफ करा पण हे वाचून मला ऑफिसची एक्सेल शीट आठवली. हा गेम एरिक बारोन नावाच्या एकट्या माणसाने साडेचार वर्षं घालून केला, चित्रं त्याची, संगीत त्याचं, सगळं त्याचंच, आणि २०१६ च्या फेब्रुवारीत आला तेव्हा लोकांना आवडला तो शांत आहे म्हणून. तुम्ही लोकांनी त्याचं मार्केट यार्ड करून टाकलंत. बी लावा, उगवलं तर उगवलं, नाही उगवलं तर मासे धरा.

पेरूची_फोड, आज १६ आहे ना, मग १५ ते १८ सगळीकडे झुडपांना सॅल्मनबेरी लागलेल्या असतील, गुलाबी ठिपके दिसतील, झुडूप हलवलं की पडतात. पेरत बसण्यापेक्षा दुपारभर त्या गोळा करा, फुकट आहेत, खाल्ल्या की एनर्जी भरते, तीच मग पाणी घालायला वापरा. फॉलमध्ये ८ ते ११ ला अशाच काळ्या ब्लॅकबेरी येतात.


आकडेमोडे

@निवांत_गडी सॅल्मनबेरीचं छान सांगितलंत. बाकी मला आकडेमोड करतानाच शांत वाटतं, त्याला काय करणार.


मंचरकर

वरचं सगळं वाचलं. गेम मी पण खेळतो पण मूळचा मी शेतकरी घरातला, नोकरीला हिंजवडीत, सुट्टीला गावी, त्यामुळे ताईंच्या आईंचा जो प्रश्न आहे त्याचं उत्तर द्यावंसं वाटलं, बाकीच्यांनी तो सोडूनच दिलाय.

आईंचं बरोबर आहे. आपल्याकडची थंडी म्हणजे भाजीपाल्याची दिवाळी. भोगीला काय काय लागतं आठवा, वांगी, गाजर, ओला हरभरा, पावटा, घेवडा, बोरं, ऊस, सगळं ताजं, आणि ही भोगी कधी, तर जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या दिवशी. हुरडा पण त्याच सुमाराचा. गव्हाची पेरणी नोव्हेंबरात, काढणी फेब्रुवारी-मार्चला. फ्लॉवर-कोबीला तर थंडी मानवतेच. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घ्या, सप्टेंबर-ऑक्टोबरात रोपं लावतात आणि फळ डिसेंबरपासून मार्चपर्यंत, म्हणजे गेममध्ये जी स्प्रिंगची राणी आहे ती आपल्याकडे स्वेटर घालून खायची गोष्ट. पुण्यात एम्प्रेस गार्डनला फुलांचं प्रदर्शन भरतं ते पण जानेवारीतच, उगाच नाही.

मग गेममध्ये उलटं का, तर करणारा माणूस अमेरिकेच्या वायव्य टोकाचा, सिॲटलच्या बाजूचा. तिकडे हिवाळ्यात जमीन गार पडते, दिवस एवढासा, दहिवर नाही सरळ हिम पडतं, झाड वाढायचंच थांबतं. स्प्रिंगला जमीन जरा गरम झाली की पेरायची गडबड आणि फॉलमध्ये पुन्हा हिम पडायच्या आत सगळं उचलायची गडबड. १ तारखेला झाडं एका रात्रीत मरतात ते गेमने जरा जास्तच केलंय पण त्यामागची भीती तीच आहे. वर सॅल्मनबेरीचं कोणीतरी म्हणालं, ती खरोखरच तिकडची रानटी बेरी आहे. क्रॅनबेरी पण थंड प्रदेशातल्या दलदलीची, तोडणी तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणून ती फॉलला. भोपळ्याचं पण तेच.

थोडक्यात तिकडे काय पेरायचं ते गारठा ठरवतो आणि आपल्याकडे पाणी ठरवतं. आपल्या पुणे जिल्ह्यात जमीन बाराही महिने पीक द्यायला तयार असते, पाणी आहे का नाही एवढाच सवाल. आमच्या आंबेगाव तालुक्यात सातगाव पठारावर बटाटा खरिपात होतो, पावसाच्या जिवावर, आणि खाली पाण्याची सोय असलेले लोक तोच बटाटा रब्बीत पण घेतात. आता हे गेममध्ये कुठे बसवणार.

मला खरं तर गेममध्ये सीझन खटकत नाहीत, तो त्यांचा मुलूख आहे. दोन गोष्टी खटकतात. एक, घराशेजारचं तळं कधीच आटत नाही. झारी बुडवली की भरली. मोटर नाही, रात्रीची लाइट नाही, पाळी नाही. दोन, भाव. टोमॅटो पहिल्या वर्षी ६०, दहाव्या वर्षी पण ६०, तुम्ही हजार न्या नाहीतर एक न्या. आमच्याकडे नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं काय होतं ते बघितलेल्या माणसाला हे वाचून हसू येतं, २०२३ च्या जुलैत किलोला शंभरच्या वर गेलेला आणि त्याच टोमॅटोला एरवी कधी तोडणीची मजुरी सुटत नाही म्हणून लोक तसाच शेतात सोडतात. पिअरने एकदा तरी म्हणायला पाहिजे होतं, आज आवक जास्त आहे भाऊ, तीसनं देणार असशील तर टाक.

तरी खेळतो, कारण मोजून बारा दिवसांत फ्लॉवर, गारपीट नाही, करपा नाही. आमच्या वडिलांना दाखवला तर ते म्हणाले बुजगावण्याला कावळे घाबरतात का अजून.


पेरूची_फोड

बाप रे किती लिहिलंत सगळ्यांनी. @मंचरकर दादा तुमचं उत्तर आईला मोठ्याने वाचून दाखवलं, भोगीच्या यादीला तिने मान हलवली आणि मग म्हणाली त्यात तीळ आणि बाजरीची भाकरी राहिली.

ठरलं असं: १२ फ्लॉवर, २८ बटाटे, स्ट्रॉबेरी अर्धी-अर्धी. भाऊ कुरकुरतोय पण मंगळवार-बुधवारचं ऐकून गप्प बसला, त्याला वाटत होतं उद्या आरामात जाऊ. एक विचारायचं होतं, फ्लॉवर शेजारी शेजारी तीन बाय तीन लावले तर एक अवाढव्य फ्लॉवर होतो असं कुठेतरी वाचलं, ते करू का? आणि स्पीड-ग्रो म्हणून काहीतरी खत पिअरकडे दिसलं, त्याने लवकर येईल का म्हणजे काठावरची भीती जाईल.


आकडेमोडे

तीन बाय तीन लावायला काही पैसे पडत नाहीत, लावा तसेच, पण आशा धरू नका. पूर्ण वाढलेल्या झाडांवर रोज रात्री १ टक्का चान्स असतो आणि तुमचा फ्लॉवर तयार होतोय तोच शेवटच्या दिवशी, वाट बघायला दिवस कुठे उरतात. राक्षसी पीक हवं असेल तर पुढच्या वर्षी १ तारखेला लावा, १३ ला तयार होईल, मग न काढता १५ दिवस तसाच उभा ठेवा आणि पाणी चालू ठेवा. मेलन आणि भोपळ्याचं पण असंच होतं.

स्पीड-ग्रो पिअरकडे १०० ला आहे. १० टक्के वेग, वर पूर्णांक धरून फ्लॉवरचे दोन दिवस वाचतात, १२ चे १०. पण ८० चं बी आणि १०० चं खत म्हणजे १८०, विकणार १७५ ला. सगळ्यांना घातलंत तर प्रत्येक फ्लॉवरमागे पाच गोल्ड गावाला दान. बंडलच्या एकाच फ्लॉवरला घाला, तिथे पैशाचा प्रश्न नाही, तो २६ ला येईल आणि जिवाला घोर नाही. फार्मिंग लेव्हल ३ झाली की स्पीड-ग्रो घरी बनवायची रेसिपी मिळते, तेव्हा मग वापरा हवं तेवढं.


शटर_खाली

अजून एक, दोघांच्या पैशाचं. महापौर लुईसच्या घरात एक वही असते, तिथे जाऊन पैसे वेगळे करता येतात, ज्याने गेम होस्ट केलाय त्याला. मग त्याने फ्लॉवर लावू दे तू बटाटे लाव, २८ ला कोण कुठे ते दिसेलच.


वांग्याचं_भरीत

नको गं वेगळे करू, पहिल्या वर्षी एकत्र असलेलंच बरं, बिया घाऊक घेता येतात आणि एकाने पाणी घातलं की दुसरा खाणीत जाऊ शकतो. तांबं आणा तिथून, झारी वाढवून घ्या लोहाराकडे. फक्त झारी त्याच्याकडे दोन दिवस राहते, तेवढ्यात पिकं कोरडी राहतील, म्हणून टीव्हीवर उद्याचं हवामान बघायचं आणि उद्या पाऊस म्हणाला की आज आपलं पाणी घालून झालं की झारी लोहाराकडे न्यायची. पावसाच्या दिवशी पाणी आपोआप होतं, परवा सकाळी झारी परत. पण तुमच्या त्या काठावरच्या फ्लॉवरच्या काळात असला प्रयोग नको, समरमध्ये करा.


पेरूची_फोड

ओके. आणि मग विंटरमध्ये खरंच नुसतं बसून राहायचं का? म्हणजे आधीच ठरवून ठेवू.


निवांत_गडी

बसायचं कशाला, खाण खोल करायची, मासे, गावातल्या लोकांशी बोलायचं. आणि अगदीच काही येत नाही असंही नाही. विंटरमध्ये माती खणलीत की स्नो याम, विंटर रूट मिळतं, क्रोकस आणि क्रिस्टल फ्रूट वर पडलेलं दिसतं. ते चार मिळून विंटर सीड्स बनवता येतात आणि ते बाहेर बर्फातसुद्धा लावता येतं, ७ दिवसांत येतं. १.६ अपडेटपासून पावडरमेलन म्हणून एक पण आलंय, ते पण विंटरचंच, ७ दिवस.


आकडेमोडे

आणि तोपर्यंत पँट्री पूर्ण केलीत तर ग्रीनहाऊस. आत १० बाय १२, म्हणजे १२० खड्डे, तिथे कुठलंही पीक कुठल्याही सीझनला, मरत नाही. त्यात एकदा काढून संपणारी पिकं लावू नका, फ्लॉवर-बटाटा बाहेरच. आत जी परत परत देतात ती, आणि इथे माझा आणि @वांग्याचं_भरीत यांचा समझोता होतो, तुम्ही पेटीत ठेवलेली अर्धी स्ट्रॉबेरी पुढच्या स्प्रिंगची वाट न बघता थेट ग्रीनहाऊसमध्ये जाईल, वर्षभर दर ४ दिवसांनी तोडा. फॉलपर्यंत बंडलं व्हायला पाहिजेत पण, त्यात क्वालिटी क्रॉप्सचं बंडल लोकांचं अडतं. पार्सनिप, मेलन, भोपळा, मका यातले कुठलेही तीन, प्रत्येकी पाच, आणि पाचही सोनेरी चांदणीचे, म्हणजे वरच्या दर्जाचे. म्हणून आत्तापासून सोनेरी पार्सनिप निघाला की विकू नका, पेटीत टाका. आहेत का काही बाजूला?


पेरूची_फोड

दोन आहेत, बाकीचे भावाने विकले 🙄


आकडेमोडे

मग आज पाच-सहा पार्सनिपच्या बिया पण घ्या, २० गोल्डला एक, आणि खाली साधं खत घाला बी टाकायच्या आधी, त्याने चांदणीचा चान्स वाढतो. २० तारखेला निघतील, त्यात नाही जमलं तर २० ला शनिवार आहे, दुकान उघडं, परत लावा, २४ ला बघा. २४ ला बुधवार येतो, म्हणजे तेव्हा लागतील म्हणून चार बिया जास्तीच्या २० लाच घेऊन ठेवा.